मेदवाहक प्रथिनकणांचे प्रयोगशालेय परीक्षण : पद्धती, त्यांच्या मर्यादा आणि वैद्यकव्यवहार

प्रास्ताविक

स्थौल्य, प्रमेह व हृद्रोग यांचे रुग्ण आज वैद्याकडे येतात ते बहुधा रक्तपरीक्षणाचा अहवाल हाती घेऊनच. त्या अहवालावर एकूण कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, एलडीएल, व्हीएलडीएल अशी मूल्ये ओळीने मांडलेली असतात. सर्व आकडे एकाच अक्षरांत छापलेले असल्याने ते सर्व सारख्याच खात्रीचे आहेत, असा आपला समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. त्यांतील काही मूल्ये प्रत्यक्ष मोजलेली असतात, तर काही केवळ वजाबाकी-भागाकाराने काढलेली असतात. औषध लागू पडले की नाही, रुग्णाचे चालू औषध कमी करावे की नाही, हे निर्णय आपण याच आकड्यांवर घेतो. म्हणून हे आकडे कसे उत्पन्न होतात, याचे ज्ञान वैद्याला असणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात या पद्धतींचा क्रमाने परिचय करून देऊन त्यांचा आपल्या चिकित्सेशी व संशोधनाशी असलेला संबंध आम्ही मांडणार आहोत.

आरंभीच एक खुलासा आवश्यक वाटतो. चरकाचार्यांनी प्रमेहाच्या दूष्यांत अबद्ध मेदाचा निर्देश केला आहे, आणि रक्तातील कोलेस्टेरॉल म्हणजेच हा अबद्ध मेद, असे समीकरण अनेक लेखांतून मांडले जाते. साम्य विचारार्ह आहे, हे मान्य. तथापि मेदोधातू ही कार्य, गुण व पोषणक्रम यांनी सिद्ध होणारी संकल्पना आहे, तर कोलेस्टेरॉल हा एक रासायनिक पदार्थ आहे. एकाचे माप दुसऱ्याचे माप म्हणून वापरावयाचे झाल्यास प्रथम ते माप स्वतः किती विश्वासार्ह आहे, हे पाहिले पाहिजे.

कणाचे स्वरूप

स्नेह पाण्यात विरघळत नाही आणि रक्त तर बह्वंशी जलीय आहे. त्यामुळे स्नेहाला रक्तातून प्रवास करावयाचा असेल तर वाहन लागते. हे वाहन म्हणजे लायपोप्रोटीन कण. त्याच्या गाभ्यात ट्रायग्लिसराइड व कोलेस्टेरॉलचे एस्टर असतात; बाहेरील पातळ आवरणात फॉस्फोलिपिड, मुक्त कोलेस्टेरॉल आणि अपोप्रोटीन नावाची प्रथिने असतात. गाभ्यात स्नेह जितका अधिक, तितका कण मोठा व हलका; प्रथिनांचे प्रमाण जितके अधिक, तितका तो लहान व घन.

घनतेनुसार या कणांचे पाच मुख्य वर्ग केले जातात. घनतेचे आकडे ग्रॅम प्रति मिलिलिटर या एककात आहेत.

१. कायलोमायक्रॉन : ०.९५ पेक्षा कमी. आहारातील स्नेह आंत्रातून वाहून आणणारे, सर्वांत मोठे कण.
२. व्हीएलडीएल : ०.९५ ते १.००६. यकृतात तयार होणारे, ट्रायग्लिसराइडने समृद्ध.
३. आयडीएल : १.००६ ते १.०१९. व्हीएलडीएलपासून एलडीएल होण्याच्या मार्गावरील मधली अवस्था.
४. एलडीएल : १.०१९ ते १.०६३. कोलेस्टेरॉलचे प्रमुख वाहक.
५. एचडीएल : १.०६३ ते १.२१. सर्वांत लहान व घन.

घनता, विद्युत्‌भार, आकार आणि अपोप्रोटीनची ओळख हे या कणांचे चार धर्म होत. पुढील सर्व पद्धती यांपैकी कोणत्या ना कोणत्या धर्माचा आधार घेतात. हे सूत्र ध्यानात ठेवले तर पद्धतींची नावे पाठ करावी लागत नाहीत.

घनतेवर आधारित पद्धत

स्नेह व प्रथिने रक्तात एकत्र बांधलेली असतात, याचा प्रायोगिक पुरावा १९२९ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मिशेल माशब्यूफ यांनी दिला. घोड्याच्या रक्तलसीतून अमोनियम सल्फेटच्या साहाय्याने त्यांनी स्नेह व प्रथिन यांचा जलविद्राव्य संयोग वेगळा केला. त्याच दशकात स्वीडनमधील उप्साला येथे स्वेडबर्ग यांनी अल्ट्रासेंट्रिफ्यूज, म्हणजे अतिवेगाने फिरणारे अपकेंद्री यंत्र, विकसित केले होते. मात्र या यंत्रात रक्तलसी फिरवली असता एक चमत्कारिक प्रथिन दिसे, ज्याचे वर्तन कोणत्याही नियमात बसत नसे. त्याला 'एक्स-प्रथिन' म्हटले जाई. १९४९ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कले येथे जॉन गॉफमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कोड्याचा उलगडा केला. द्रवात मीठ घालून त्याची घनता वाढवताच हे 'प्रथिन' तळाशी न जाता वर तरंगू लागले. ते वेगळे प्रथिन नव्हतेच. ते स्नेहयुक्त हलके कण होते.

दही घुसळल्यावर लोणी ताकावर येते, त्यामागील तत्त्व हेच. येथे फक्त वेग प्रचंड असतो. गुरुत्वबलाच्या लक्षपट बल अनेक तास, बहुधा अठरा ते चोवीस तास, द्यावे लागते. १९५५ साली हॅवेल, एडर व ब्रॅगडन यांनी या पद्धतीला पायरीपायरीचे रूप दिले. रक्तलसी प्रथम १.००६ या घनतेवर फिरवून वर आलेला व्हीएलडीएलचा थर काढून घ्यावयाचा. मग पोटॅशियम ब्रोमाइड घालून घनता १.०१९, पुढे १.०६३ आणि शेवटी १.२१ करावयाची व प्रत्येक वेळी वरचा थर वेगळा करावयाचा. आज प्रचलित असलेली एलडीएल, एचडीएल ही नावे मुळात या घनतेवरूनच आलेली आहेत. एलडीएल हा 'वाईट' पदार्थ व एचडीएल 'चांगला' पदार्थ, ही भाषा नंतरची. मूळ नावात गुणदोषाचा निर्णय नाही.

ही पद्धत मूलभूत मानली जाते, पण ती महाग, वेळखाऊ व कुशल हातांवर अवलंबून आहे. शिवाय दीर्घकाळ तीव्र बल व क्षार यांमुळे काही अपोप्रोटीने कणापासून सुटतात. म्हणून नित्याच्या प्रयोगशाळेत ती वापरली जात नाही. इतर पद्धती ताडून पाहण्यासाठी वापरली जाते.

विद्युत्‌भारावर आधारित पद्धत

विद्युत्‌क्षेत्रात भारित कण सरकतात, या तत्त्वावर टिसेलियस यांनी १९३७ साली रक्तलसीतील प्रथिनांचे पृथक्करण केले. यालाच इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. प्रथम कागदावर व पुढे अगारोजच्या लुकणीवर लायपोप्रोटीन सरकवून सुदान ब्लॅकसारख्या स्नेहरंजकाने पट्टे रंगविण्याची पद्धत रूढ झाली. कायलोमायक्रॉन आरंभस्थानीच राहतात. त्यापुढे बीटा पट्टा, म्हणजे एलडीएल. त्यापुढे प्री-बीटा, म्हणजे व्हीएलडीएल. आणि सर्वांत पुढे अल्फा, म्हणजे एचडीएल. या पट्ट्यांच्या आधारे फ्रेडरिक्सन, लेव्ही व लीस यांनी १९६७ साली मेदविकृतींचे पाच प्रकारांत वर्गीकरण केले. बीटा व प्री-बीटा एकमेकांत मिसळून रुंद पट्टा दिसणे, हे तिसऱ्या प्रकाराचे लक्षण आजही सूचक मानले जाते. मात्र पट्ट्याचा रंग गडद की फिका यावरून नेमके परिमाण सांगणे या पद्धतीत कठीण असते.

अवक्षेपण व थेट मापन

अपोप्रोटीन बी धारण करणारे कण हेपॅरिन-मँगनीज, डेक्स्ट्रन सल्फेट-मॅग्नेशियम किंवा फॉस्फोटंगस्टेट-मॅग्नेशियम यांच्या सान्निध्यात साक्यासारखे खाली बसतात. वर राहिलेल्या स्वच्छ द्रवात केवळ एचडीएल उरते व त्यातील कोलेस्टेरॉल मोजता येते. अनेक वर्षे एचडीएलचे मापन याच पद्धतीने होत असे. तिचा एक दोष ध्यानी घ्यावा. ट्रायग्लिसराइड फार वाढलेले असता साका हलका राहतो, नीट बसत नाही, वरचा द्रव गढूळ राहतो आणि एचडीएल खोटे वाढलेले दिसते.

१९९० च्या दशकात, मुख्यत्वे जपानमध्ये, साका न बसविता एचडीएल व एलडीएल थेट मोजणारी अभिकर्मके तयार झाली. त्यांत विशिष्ट पृष्ठसक्रिय द्रव्यांनी नको असलेले कण झाकले जातात किंवा आधीच निकालात काढले जातात व उरलेल्या कणांतील कोलेस्टेरॉलवरच विकरांची क्रिया होते. स्वयंचलित यंत्रावर हे काम काही मिनिटांत होते. तथापि निरनिराळ्या उत्पादकांची अभिकर्मके निरनिराळ्या रसायनांवर बेतलेली असल्याने, मेदविकृती असलेल्या रुग्णांत त्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळतीलच असे नाही. म्हणून एका रुग्णाचा पाठपुरावा शक्यतो एकाच प्रयोगशाळेत व एकाच पद्धतीने व्हावा.

सूत्राने काढलेले एलडीएल

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पुष्कळ अहवालांतील एलडीएल हे मोजलेले नसते. फ्रीडवाल्ड, लेव्ही व फ्रेडरिक्सन यांनी १९७२ साली एक सोपे सूत्र दिले. ट्रायग्लिसराइडला पाचाने भागले की व्हीएलडीएलमधील कोलेस्टेरॉल मिळते असे मानावयाचे. एकूण कोलेस्टेरॉलमधून ते व एचडीएल वजा केले की एलडीएल मिळते. मूल्ये मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या एककात घ्यावयाची.

हे सूत्र उपवासाच्या नमुन्यासाठीच होते. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असल्यास, कायलोमायक्रॉन उपस्थित असल्यास किंवा तिसऱ्या प्रकारची विकृती असल्यास ते लागू होत नाही, ही मर्यादा मूळ कर्त्यांनीच सांगितली होती. परंतु ४०० च्या आतही ते निर्दोष नाही. ट्रायग्लिसराइड जसजसे वाढते तसतसा 'पाच' हा भाजक अपुरा पडतो, व्हीएलडीएल वाजवीपेक्षा अधिक धरले जाते आणि एलडीएल खरे आहे त्याहून कमी दिसते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. चिकित्सेपूर्वी एकूण कोलेस्टेरॉल २४०, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड ३००. सूत्राने एलडीएल १४०. दोन महिने पथ्य, व्यायाम व औषध यांनंतर एकूण कोलेस्टेरॉल २२५, एचडीएल तेच ४०, ट्रायग्लिसराइड १५०. सूत्राने एलडीएल १५५. रुग्ण घाबरून विचारतो, "वैद्यराज, औषधाने एलडीएल वाढले का?" याचे उत्तर नुसत्या या आकड्यावरून देता येत नाही. पहिल्या वेळचे एलडीएल सूत्राच्या दोषामुळे कमी दिसले असण्याचा संभव आहे. तसेच व्हीएलडीएलचे एलडीएलमध्ये रूपांतर वाढून ते खरोखरच वाढले असण्याचाही संभव आहे. मात्र एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केले तर पूर्वी २०० व आता १८५ येते, म्हणजे एचडीएलेतर कोलेस्टेरॉल १५ ने उतरले आहे. या वजाबाकीत ट्रायग्लिसराइडचा संबंधच नसल्याने ती अधिक भरवशाची असते. तिला वेगळा खर्च नाही व उपवासाचीही अट नाही.

सूत्र सुधारण्याचेही प्रयत्न झाले. २०१३ मध्ये मार्टिन व सहकाऱ्यांनी तेरा लाखांहून अधिक नमुन्यांच्या आधारे, सरसकट पाचाऐवजी रुग्णानुसार बदलणारा भाजक सुचविला. २०२० मध्ये सॅम्पसन व सहकाऱ्यांनी ट्रायग्लिसराइड ८०० पर्यंत वापरता येणारे नवे सूत्र दिले. आपल्या प्रयोगशाळेचे एलडीएल सूत्राचे आहे की थेट मोजलेले, आणि सूत्राचे असल्यास कोणत्या, हे विचारून घेण्याचा परिपाठ प्रत्येक वैद्याने ठेवावा.

कणांची संख्या मोजणाऱ्या पद्धती

आतापर्यंतच्या पद्धती कणांतील कोलेस्टेरॉल मोजतात, कण मोजत नाहीत. गोणीतील धान्याचे वजन व गोण्यांची संख्या या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोन रुग्णांचे एलडीएल कोलेस्टेरॉल ११० असले तरी एकाचे कण मोठे व थोडे, तर दुसऱ्याचे लहान व पुष्कळ असू शकतात. स्थूल व प्रमेही रुग्णांत, जेथे ट्रायग्लिसराइड वाढलेले व एचडीएल घटलेले असते, तेथे दुसरा प्रकार विशेष आढळतो. धमनीच्या भित्तीत कण शिरतात ते एकेकटे. म्हणून संख्येला महत्त्व आहे.

प्रत्येक व्हीएलडीएल, आयडीएल व एलडीएल कणावर अपोप्रोटीन बी-१०० चा एक आणि एकच रेणू असतो. त्यामुळे अपोप्रोटीन बी मोजले की कणांची संख्याच अप्रत्यक्षपणे मोजली जाते. प्रतिपिंडांच्या योगाने उत्पन्न होणाऱ्या गढूळपणाचे मापन करून हे परीक्षण केले जाते. त्याला उपवास लागत नाही व मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत ते उपलब्ध आहे.

नॉर्वेतील कोरे बर्ग यांनी १९६३ साली शोधलेला लायपोप्रोटीन-ए हा याच कुळातील एक कण. त्याची पातळी मुख्यतः बीजस्वभावाने ठरते. त्यावरील विशिष्ट प्रथिनाचा आकार व्यक्तिपरत्वे बदलत असल्याने वजनाच्या एककापेक्षा रेणुसंख्येच्या एककात, म्हणजे नॅनोमोल प्रति लिटर, दिलेले माप अधिक ग्राह्य होय. कुलात अल्पवयात हृद्रोग झाल्याचा इतिहास असेल तर आयुष्यात एकदा तरी हे परीक्षण करून घ्यावे.

आकारावर आधारित दोन पद्धती संशोधनात वापरल्या जातात. एकीत क्रमाने सूक्ष्म होत जाणाऱ्या छिद्रांच्या लुकणीतून कण सरकवितात. बर्कले येथील क्राउस यांनी या मार्गाने एलडीएलचे मोठे व लहान असे प्रकार दाखविले. दुसरी अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाची पद्धत अमेरिकेतील ऑटव्होस यांनी विकसित केली. त्यात निरनिराळ्या आकारांच्या कणांतील मिथिल गटांचे संकेत किंचित भिन्न येतात व त्यांवरून प्रत्येक आकाराच्या कणांची संख्या काढली जाते.

चिकित्सालयात करता येणारे निरीक्षण

यंत्राविनाही एक परीक्षण शक्य आहे. स्वच्छ काचनळीतील रक्तलसी शीतकपाटात, न गोठविता, रात्रभर स्थिर ठेवावी. सकाळी वर सायीसारखा थर व खाली स्वच्छ द्रव दिसल्यास कायलोमायक्रॉन वाढलेले आहेत. थर न येता सर्व द्रव सारखाच गढूळ राहिल्यास व्हीएलडीएल. दोन्ही दिसल्यास दोन्ही. द्रव स्वच्छ असला तरी एलडीएल वाढलेले असू शकते, कारण त्याचे कण प्रकाश विखुरण्याइतके मोठे नसतात. रक्तलसी दुधाळ असून रुग्णास तीव्र उदरशूल असेल तर अग्न्याशयशोथाची शंका घेऊन त्यास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

पंचकर्म व नमुन्याचा काळ

नमुना केव्हा घेतला, यावर अहवालाचा अर्थ अवलंबून असतो. २०१६ मध्ये युरोपातील तज्ज्ञांनी नित्याच्या परीक्षणास उपवासाची सक्ती नको, असा अभिप्राय दिला; मात्र उपवासाविना ट्रायग्लिसराइड ४४० च्या वर आल्यास उपवासानंतर पुन्हा पाहावे, असेही सांगितले. हा अभिप्राय सामान्य आहारासाठी आहे. शोधनपूर्व आभ्यंतर स्नेहपानात रुग्ण वाढत्या मात्रेने घृत घेत असतो. त्या काळात घेतलेल्या नमुन्यात कायलोमायक्रॉन असणे स्वाभाविक आहे. अशा नमुन्यावर फ्रीडवाल्ड सूत्र लावल्यास एलडीएल खोटे उतरलेले दिसेल. या आकड्यावर विसंबून रुग्णाने आपले चालू औषध बंद केले तर होणारी हानी खोटी नसेल.

म्हणून पहिला नमुना स्नेहपानाच्या आरंभापूर्वी घ्यावा व दुसरा संसर्जनक्रम पूर्ण होऊन नित्याचा आहार व वजन स्थिरावल्यावर घ्यावा. ज्वर, शस्त्रकर्म किंवा हृदयाघात यांनंतर काही आठवडे एलडीएल तात्पुरते उतरते. गर्भिणीत मूल्ये वाढतात. रुग्ण आडवा असता व बसला असता घेतलेल्या नमुन्यांतही फरक पडतो, म्हणून प्रत्येक वेळी स्थिती एकच ठेवावी.

संशोधनास बोध : गुग्गुळाचे उदाहरण

सुश्रुतोक्त मेदोरोगाच्या विचारावरून प्रेरणा घेऊन डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ साली काशी हिंदू विश्वविद्यालयात सशांवर गुग्गुळाचा अभ्यास केला. त्यातून पुढे भारतात विस्तृत संशोधन उभे राहिले. २००३ मध्ये अमेरिकेत स्झापारी व सहकाऱ्यांनी १०३ प्रौढांवर आठ आठवड्यांचा, छद्मौषधाशी तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गुग्गुलिपिड घेणाऱ्यांचे एलडीएल घटण्याऐवजी मात्रेनुसार ४ ते ५ टक्के वाढले, तर छद्मौषधाच्या गटात ते ५ टक्के घटले. सहा जणांना त्वचेवर पुरळ उठले.

या निष्कर्षाला उत्तर देताना कोणी म्हणेल की एलडीएलचे सूत्रच सदोष होते. परंतु या अभ्यासात एलडीएल थेट मोजलेले होते आणि ट्रायग्लिसराइडमध्येही लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे ती पळवाट येथे बंद आहे. अमेरिकेतील आहार वेगळा होता, द्रव्य शोधित गुग्गुळ नसून त्याचा अर्क होता, प्रकृती व अवस्था यांचा विचार नव्हता, हे आक्षेप रास्त आहेत. परंतु आक्षेप म्हणजे उत्तर नव्हे. उत्तर द्यावयाचे तर तितक्याच काटेकोर मापनाने, छद्मौषधाच्या गटासह, शास्त्रोक्त कल्पाचा अभ्यास करावा लागेल.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. चिकित्सा न करताही एकाच व्यक्तीचे एकूण कोलेस्टेरॉल दिवसागणिक साधारण ५-६ टक्के व ट्रायग्लिसराइड सुमारे २० टक्के मागेपुढे होते. शिवाय अधिक मूल्य पाहूनच रुग्ण निवडले असतील तर दुसऱ्या मापनात ते काहीसे उतरणारच. त्यामुळे तुलनागटाविना, एका पूर्वनमुन्यावर व एका उत्तरनमुन्यावर उभारलेला निष्कर्ष टिकत नाही.

उपसंहार

आपल्या नियतकालिकांत प्रसिद्ध होणाऱ्या लेखांतून 'एलडीएल घटले' असे विधान वारंवार येते. त्यासोबत ते सूत्राने काढले की मोजले, उपवास किती तासांचा होता, नमुना चिकित्सेच्या कोणत्या टप्प्यावर घेतला आणि एचडीएलेतर कोलेस्टेरॉल किती होते, एवढ्या चार गोष्टी लिहिल्या जाव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे. शक्य तेथे अपोप्रोटीन बी जोडावे. रुग्णपत्रातही या नोंदींसाठी एक ओळ राखून ठेवावी. नाडी, जिह्वा, मूत्र व मल यांचे परीक्षण कोणत्या काळी व कोणत्या स्थितीत करावे, याविषयी आपण जो काटेकोरपणा पाळतो, तोच काचनळीतील रक्ताच्या बाबतीत पाळण्यास वेगळे शास्त्र लागत नाही.